बाबांचा उजवा पाय आणि अ‍ॅम्बेसेडरचा ब्रेक

आमच्या आदिलाबादच्या घरी दोन गोष्टींना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम मी लहान असल्यापासून होता. एक आजीचं देवघर आणि दुसरी बाबांची अ‍ॅम्बेसेडर. आजी गेली, देवघर आईकडे आलं आणि नियम थोडा सैल झाला. गाडीचा नियम मात्र दोन वर्षांपूर्वीपर्यंत तसाच होता. मी हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं नोकरी करतोय, स्वतःची गाडी आहे, रोज गच्चीबावलीच्या ट्रॅफिकमधून जिवंत घरी येतो, तरी आदिलाबादला गेलो की त्या गाडीच्या बाबतीत माझं काम एकच, काच पुसणं.

गाडी १९८४ची. मार्क फोर, पेट्रोल, रंग पांढरा म्हणायचा. आजोबांचा कापसाच्या अडतीचा धंदा होता, त्यांनी घेतली. स्टिअरिंगखाली गिअरची दांडी, पुढे सलग सीट, त्यावर तीन मोठी माणसं आणि मध्ये एक पोर. किनवटमार्गे माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला आम्ही एकदा नऊ जण गेलो होतो, आणि नववा मी होतो. ज्यांच्या घरी अशी गाडी होती त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी आपल्या वडिलांना विचारा, कोणाच्या तरी लग्नात बसलेलेच असतील.

आणि मग एका डिसेंबरात आईचा फोन आला.

"अरे, तुझ्या बाबांना तू तरी काही सांग. माझं ऐकत नाहीत."

कापसाचा हंगाम होता. नोव्हेंबरपासून आमच्या गावात मार्केट यार्डाकडे कापसाने उंच भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. बाबा त्याच रस्त्याने येत होते. पुढची ट्रॉली अचानक थांबली. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी हळू झाली पण थांबेना. मग त्यांनी दोन्ही पाय पेडलवर ठेवले. गाडी ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. शेजारी आई बसली होती. बाबांनी घरी आल्यावर हे कुणाला सांगितलं नाही, आईनेच सांगितलं.

बाबांचं वय ७१. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. चालतात चांगले, पण जिना उतरताना कठडा धरतात.

पुण्याहून ताईचा निकाल लगेच आला, "गाडी विका." मला वाटत होतं तेच तिने बोलून दाखवलं. पण शनिवारी घरी गेलो तर बाबा गाडीच्या बोनेटवर हात ठेवून नुसते उभे होते. पुसत नव्हते, काही तपासत नव्हते. मी काही न बोलता आत गेलो.

रात्री जेवताना म्हणालो, "बाबा, आपण पॉवर ब्रेक बसवू या का?"

"म्हणजे गाडीला हात लावणार तू?" ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण माझ्या बीईचा एवढा उपयोग क्वचितच होतो, तेव्हा सांगू द्या.

जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये पाय जेवढं बळ देतो तेवढंच काम करतं. पेडल ही एक तरफ, ती ते बळ काही पट वाढवते. पुढे मास्टर सिलिंडर, त्यातलं ब्रेक ऑइल दाबलं जातं, तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोचतो, तिथले छोटे सिलिंडर ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि शू फिरत्या ड्रमला आतून घासतात. ड्रमची एक गंमत आहे. फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढत नेतो आणि त्यामुळे शू आणखी घट्ट बसतो, म्हणजे ड्रम स्वतःच थोडी मदत करतो. आपल्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर आहेत आणि दोन्ही शूंना ही ओढ मिळते. म्हणूनच या गाड्या बूस्टरशिवाय इतकी वर्षं चालल्या. रिव्हर्समध्ये चाक उलटं फिरतं, ही मदत जाते आणि ब्रेक कमजोर लागतो. चढावर गाडी मागे येताना ज्यांनी पेडल दाबलंय त्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे.

बूस्टर काय करतो? पेट्रोल इंजिन श्वास घेतं तेव्हा त्याच्या इनलेट मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब कमी होतो. डब्यासारख्या बूस्टरमध्ये मधोमध एक रबरी पडदा असतो. एरवी दोन्ही बाजूंना तीच विरळ हवा असते, पडदा स्वस्थ बसतो. पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा आत सोडली जाते आणि ती पडद्याला ढकलते. बाहेरची हवा दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचं बळ देते, इंजिनची ओढ चांगली असेल तर त्यातलं साठ टक्के वापरता येतं. समजा पडद्याचा व्यास १५ सेंटीमीटर, तर क्षेत्रफळ झालं १७७ चौरस सेंटीमीटर आणि बळ शंभर किलोच्या वर. म्हणजे एखादा धडधाकट माणूस डब्यात बसून आपल्याबरोबर ब्रेक दाबतोय. ही कल्पना शंभर वर्षांच्या आसपासची. बेल्जियमच्या आल्बेर दवांद्रने १९२७च्या सुमारास असा व्हॅक्यूम सर्व्हो बनवला आणि पुढे बॉश कंपनीने तो घेतला. अमेरिकेत १९२८ साली पिअर्स-अ‍ॅरो गाडीत असाच बूस्टर आला होता.

हे मी बाबांना समजावून सांगत होतो तर ते म्हणाले, "हे मला कशाला सांगतोस? मुदखेडची मीटर गेज गाडी व्हॅक्यूमवरच थांबायची." खरंच की. फक्त रेल्वेत उलटं असतं. तिथे सगळ्या डब्यांखालच्या नळीत व्हॅक्यूम असेपर्यंत ब्रेक सुटलेले असतात. नळी तुटली किंवा कुणी साखळी ओढली की हवा आत शिरते आणि ब्रेक लागतात. मोटारीत व्हॅक्यूम गेला तर ब्रेक लागत नाहीत. फक्त डब्यातला माणूस उतरून जातो आणि आपण एकटे उरतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरातला वजनकाटा आणला. बाबांना भिंतीसमोर खुर्चीत बसवलं, काटा उभा करून भिंतीला टेकवला आणि म्हटलं, "गाडीत दाबता तसा दाबा." मी दाबला तर काटा सत्तरच्या पुढे गेला. बाबांचा डावा पाय ५०. उजवा पाय २२. त्यावर त्यांचा चेहरा बदलला आणि मी "बस" म्हणालो. आई दारात उभी राहून बघत होती.

मग रिकाम्या रस्त्यावर, तोच काटा पेडलवर ठेवून, मी गाडी चालवली. (हे करू नका. काटा घसरतो. मी केलं ते गावाबाहेर, ताशी वीसच्या वेगाने, शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून भाऊ बसला होता.) नीट थांबायला मला ४५ किलोच्या आसपास जोर लावावा लागत होता. नव्या मोटारींसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात चालकाच्या पायाचा जास्तीत जास्त जोर ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५१ किलो, धरतात. म्हणजे गाडी नापास नव्हती. गाडीला ४५ हवे होते आणि बाबांकडे २२ होते, एवढंच.

आमच्या गल्लीपलीकडे एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आजोबांच्या काळापासून ही गाडी त्यांच्याकडे, आधी त्यांच्या वडिलांकडे. आमच्या गावाची भाषा अशी की घरी मराठी, ऑफिसात तेलुगू आणि गॅरेजमध्ये दखनी. माझा बेत ऐकून उस्ताद म्हणाले, "बूस्टर कायकु? पहले जो है उसकू तो ठीक करो." मी जरा नाराज झालो. मला नवीन वस्तू बसवायची होती, जुनी दुरुस्त करण्यात काय मजा? पण त्यांचंच खरं निघालं.

खरी अडचण जागेची होती. आजच्या गाड्यांत बूस्टर पेडलच्या पुढे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर बसतो आणि मास्टर सिलिंडर त्याच्या नाकावर. आमच्या गाडीचं मूळ म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. हिंदुस्तान मोटर्सने ती उत्तरपाड्याला १९५७च्या सुमारास बनवायला घेतली आणि वेगवेगळी नावं, वेगवेगळ्या जाळ्या लावत २०१४च्या मे महिन्यापर्यंत बनवली. त्या मॉरिसमध्ये पेडल जमिनीतून वर येतात आणि मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली. सतरंजी उचलायची, झाकण काढायचं आणि त्यात ऑइल भरायचं. तिथे बूस्टर ठेवायला जागाच नाही.

एका ठिकाणी (गाव सांगत नाही) मला सल्ला मिळाला की दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा बूस्टर, मास्टर सिलिंडर आणि लटकतं पेडल, सगळं एकत्र आणून पत्रा कापून वेल्डिंग करून टाकू, दोन दिवसांचं काम. तशी एक झालेली गाडीही दाखवली. तिचं पेडल मी दाबून पाहिलं. मऊ होतं, पण जवळजवळ जमिनीपर्यंत गेलं. मास्टर सिलिंडरचा बोअर, पेडलची तरफ आणि चाकांतले सिलिंडर यांचं गणित एकमेकांशी बांधलेलं असतं. बोअर मोठा घेतला तर पेडल कडक होतं, लहान घेतला तर मऊ होतं पण लांब जातं. यातलं एक बदलून बाकीचं तसंच ठेवलं तर बिल मात्र वेळेवर येतं. आणि ज्या ब्रॅकेटवर आपला जीव आहे तिचं वेल्डिंग चहा पिता पिता झालेलं मला नको होतं.

उत्तर सापडलं ते इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांत. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन हे बीएमसीचं बी-सीरिज इंजिन. हेच १४८९ सीसी १९५५च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि त्याचाच थोरला भाऊ एमजीबीमध्ये. म्हणजे आमच्या कापसाच्या अडतीवरच्या गाडीचं इंजिन आणि तिकडे टप उघडून फिरणाऱ्या साहेबाच्या गाडीचं इंजिन एकाच घराण्यातलं. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं. त्या गाड्यांना रिमोट सर्व्हो बसवतात. तो पेडलजवळ नसतो. मास्टर सिलिंडरमधून निघालेली नळी इंजिनच्या कप्प्यात सर्व्होपर्यंत जाते, सर्व्हो त्या ऑइलचा दाब वाढवतो आणि दुसऱ्या नळीने चाकांकडे पाठवतो. पेडल, मास्टर सिलिंडर, ड्रम, सगळं जागच्या जागी. कापायचं काही नाही. उद्या सर्व्हो काढला तर गाडी परत १९८४ची.

जो सर्व्हो मिळत होता तो दाब १.९ पट करणारा. वहीत गणित मांडलं. ४५ भागिले १.९ म्हणजे जवळजवळ २४. आणि बाबांचा पाय २२.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन किलोसाठी.

"पहले जो है उसकू ठीक करो." मी उस्तादांकडे परत गेलो. चारही चाकं उघडली. पुढच्या उजव्या चाकातला एक सिलिंडर अडकलेला, म्हणजे ते चाक कितीतरी दिवस अर्ध्या ब्रेकवर चाललं होतं. ड्रममध्ये चरे पडलेले. एका लायनरवर ऑइल मुरलेलं. रबरी होज बाहेरून बऱ्या, वाकवल्या तर भेगा. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट थ्रीचा नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १४०. घाटात ड्रम तापले आणि ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल स्पंजासारखं आत जातं, कारण वाफ दाबली जाते आणि ऑइल दाबलं जात नाही. आम्ही हे ऑइल शेवटचं कधी बदललं होतं ते बाबांनाही आठवेना. वाचकांपैकी ज्यांची गाडी नवीन आहे त्यांनीही दर दोन वर्षांनी ते बदलावं. गाडी धुण्यापेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

ड्रम लेथवर टर्न केले, नवे लायनर, सगळ्या सिलिंडरना नवी किट, मास्टर सिलिंडर नवा, होज नव्या, नळ्या स्टीलच्या. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून काहीजण घालतात, पण ती हादऱ्यांनी कडक होऊन चिरते. हे सगळं झाल्यावर बूस्टर न लावताच पुन्हा वजनकाटा. ४५चे ३८ झाले होते. ३८ भागिले १.९ म्हणजे बरोबर २०.

उस्तादांनी मला काही म्हटलं नाही. फक्त चहा मागवला.

दरम्यान परवानगीचं पाहिलं. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ म्हणतं की निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळं काही नोंदणीत येईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. मी आधीच परिवहन कार्यालयात गेलो. इंजिन, चेसिस, रंग, इंधन, सीट यातलं काही बदलतोय का, असं तेलुगूतून विचारलं गेलं. मी नाही म्हटलं, सर्व्होचं माहितीपत्रक दाखवलं. मूळचे भाग सांभाळा आणि काम झाल्यावर गाडी दाखवायला आणा, असं सांगितलं. विमा कंपनीला पत्र लिहिलं. हा आमचा अनुभव, यावरून तुम्ही तुमच्या गावी गृहीत धरू नका, पाना हातात घेण्याआधी विचारा. शिवाय पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेजचे वेगळे नियम आले, त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. आमची २०३४ साली पन्नाशी गाठेल. काढलेला प्रत्येक तुकडा बाबांनी शाळेच्या जुन्या पेटीत नाव लिहून ठेवलाय.

सर्व्हो इंग्लंडमधल्या मावसभावाने पाठवला. कस्टम ड्यूटी, नळ्या, लेथ, मजुरी मिळून एकूण खर्च ५२,००० रुपयांच्या आसपास आला. ताई म्हणाली, "एवढ्यात चांगली स्कूटर घरी आली असती." गणित तिचंही बरोबर होतं.

बसवायला दीड दिवस लागला आणि त्यातला एक दिवस व्हॅक्यूममध्ये गेला. मॅनिफोल्डला गेज लावलं तर इंजिनची ओढ पाऱ्याची १४ इंच. चांगल्या इंजिनात १८ ते २० हवी. टॅपेट सेट केले, कार्ब्युरेटरखालची गॅस्केट फुटली होती ती बदलली, तेव्हा १८ वर आली. म्हणजे बूस्टरच्या निमित्ताने इंजिनही सुधारलं, आणि बाबा म्हणाले पिकअप वाढलाय. सर्व्हो थोडा तिरका, तोंड वर करून बसवला, नाहीतर आत हवा अडकते. मग सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. बाबा पेडलवर, उस्ताद चाकाखाली. "दबाओ... पकडो... छोडो." हे तासभर चाललं. बाबांना हे काम पहिल्यांदाच कोणी दिलं होतं, ते मन लावून करत होते.

चाचणी सोपी असते, ती कुठल्याही बूस्टरच्या गाडीवर तुम्हीही करू शकता. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करायचं. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. आमचं गेलं. बाबांनी पाय काढला, परत ठेवला, परत सुरू केलं. तीनदा.

आनंद दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला. रात्री पाऊस पडून गेला होता. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर मी गाडी ताशी चाळीसला नेली आणि नेहमीच्या सवयीने जोरात ब्रेक दाबला. पुढची चाकं जागच्या जागी जाम झाली आणि गाडी डावीकडे वळून जवळजवळ आडवी झाली. मी दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. माझ्या जागी बाबा असते तर?

उस्तादांनी चाकं उचलून फिरवून पाहिली. डाव्या चाकाचे शू उजव्यापेक्षा किंचित घट्ट सेट झाले होते. आधी हा फरक जाणवलाही नसता. सर्व्हो चांगलं-वाईट ओळखत नाही, चाकाचाकांतला फरकही तेवढाच वाढवतो. त्यात ड्रम स्वतःची मदत करतोच. म्हणून ड्रम ब्रेकला फार ताकदवान बूस्टर नको. आणि आणखी एक गोष्ट मला त्या मैदानात कळली, जी मी ताईला आणि आईला सांगताना चुकीची सांगत आलो होतो: पॉवर ब्रेकमुळे गाडी कमी अंतरात थांबते. नाही थांबत. शेवटी गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता. बूस्टर फक्त पायाचं ओझं उचलतो.

शू सारखे केले. चार दिवस रोज मैदानात जाऊन ओल्यात, कोरड्यात, हळू, जोरात थांबून पाहिलं. गाडी सरळ थांबू लागली. मग बाबांना बसवलं.

आता घाटाची गोष्ट. बाबांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ही सवय आहे: उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि चावी बंद. पेट्रोल वाचतं. निर्मळच्या अलीकडच्या महबूब घाटात ते हे कायम करायचे, आणि माहूरच्या डोंगरावरून उतरतानाही. लहानपणी मला ते जादूसारखं वाटायचं, आवाज नाही आणि गाडी चाललीय. आता महामार्ग चौपदरी आहे, पण बाबांना जुना घाटरस्ताच आवडतो.

मी सांगून पाहिलं. "चाळीस वर्षं केलंय," ते म्हणाले. सांगून ऐकणाऱ्यातले ते नाहीत, मास्तर आहेत. म्हणून मैदानातल्या एका छोट्या उतारावर गाडी उभी केली, चावी बंद केली आणि म्हटलं, "बाबा, आता दाबा." पहिल्यांदा पेडल मऊ. दुसऱ्यांदा थोडं कडक. तिसऱ्यांदा कडक. चौथ्यांदा त्यांचा पाय थांबला, पेडल हललं नाही. ते पुन्हा दाबत होते, गुडघ्यावर हात ठेवून. गाडी उभीच होती, हँडब्रेक लावलेला, धोका काही नव्हता. पण मला ते बघवत नव्हतं.

"डब्यातला माणूस उतरला," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी उतारावर चावी बंद केलेली नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या धाकात गाडी उतरवतात. ड्रमही कमी तापतात.

तरीही २० आणि २२ मध्ये दोनच किलो होते, आणि इंजिन बंद पडलं तर तेही नव्हते. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी गाडीबद्दल काही विचारलं नाही. बाबांना स्टुलावर बसवलं आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर नेल्यासारखा उचलून बाजूला ठेवायला सांगितलं, वीस वेळा. मग म्हणाले, "जोर नंतर बघू, आधी वेग बघू." तीन महिने व्यायाम लिहून दिला. मांडीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा दाबायचा, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करायचा. बाबांनी एक वही केली. रोजची तारीख, किती वेळा केलं, आणि दर रविवारी न्हाणीघरातल्या काट्याचा आकडा. त्या तीन महिन्यांत गाडी फक्त मीच चालवली, दर दुसऱ्या शनिवारी हैदराबादहून येऊन. वहीत २२, २२, २३, २५, मध्ये एक आठवडा ताप आला तेव्हा २१, आणि शेवटी ३१.

परवान्याच्या नूतनीकरणाला चाळिशीनंतर डॉक्टरांचा नमुना १-ए लागतो आणि पंचावन्ननंतर परवाना पाच पाच वर्षांचा मिळतो, हे ठाऊक असेलच. बहुतेक ठिकाणी तो कागद कसा भरला जातो हेही ठाऊक असेल. आमच्या डॉक्टरांनी तो नीट तपासून भरला आणि वर तोंडी सांगितलं: दिवसा, गावात आणि ओळखीच्या रस्त्यावर, दर सहा महिन्यांनी मला पाय दाखवून.

जुन्या गाडीवर असा सर्व्हो लावणाऱ्यांसाठी एक सूचना, मग तांत्रिक बोलणं बंद. ब्रेक ऑइल कमी होतंय, चाकांत किंवा नळीत गळती दिसत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, असं झालं तर सर्व्होचं आतलं सील गेलंय आणि इंजिन ते ऑइल पितंय असं समजा. गाडी तिथेच उभी करा. आणि आमच्या गाडीत ब्रेकची एकच लाइन आहे. एक नळी फुटली तर चारही चाकं गेली. पुढची आणि मागची लाइन वेगळी करणारा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली कसा बसवायचा यावर उस्ताद आणि मी सध्या भांडतोय. तोवर हँडब्रेकची केबल दर महिन्याला ताणून बघतो.

गेल्या नवरात्रानंतर आम्ही माहूरला गेलो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे आई आणि ताई. किनवटपर्यंत माझा उजवा पाय गाडीच्या फ्लोअरवर दाबलेला होता, हे मला ताईने मागून सांगितल्यावर कळलं. समोर कापसाची ट्रॉली आली. बाबांनी लांबूनच वेग कमी केला, एका पायाने, आणि चांगली दोन गाड्यांची जागा सोडून मागे थांबले. मागचा जीपवाला हॉर्न वाजवत होता. बाबांनी आरशात बघितलं आणि जागा तेवढीच ठेवली.

दर्शन झालं, जेवण झालं, निघायला उशीर झाला. उतरताना अंधार पडायला लागला होता. बाबांनी डोंगरावरच गाडी कडेला घेतली, चावी काढून माझ्या हातात दिली आणि फिरून शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"दुसऱ्यातच ठेव," एवढंच म्हणाले.